नदीच्या तळाशी सापडलेली जुनी वस्तू: ओळखावी कशी, जपावी कशी

शेकडो वर्षं गाळात पडून राहिलेलं तांब्याचं नाणं नदीत सहसा फारसं बिघडत नाही. गाळाखाली हवा कमी असते, आणि धातूवर एकदा थर धरला की पुढची झीज अगदी संथ चालते. बिघडतं ते बाहेर काढल्यावर, आणि बहुतेक वेळा पहिल्या दोन दिवसांत. कोणी चिंचेनं घासतं, कोणी लिंबू-मीठ लावतं, कोणी उन्हात वाळत घालतं, कोणी सोनाराकडे नेऊन ॲसिडात बुडवून आणतं. नाणं लखलखतं, पण त्यावरची अक्षरं गेलेली असतात.

घाटावर दोरीला लोहचुंबक बांधून नाणी काढणारी मुलं, बुडालेली मोटर किंवा माणूस शोधायला बोलावले जाणारे पाणबुडे, उन्हाळ्यात डोहात सूर मारणारे हौशी पोहणारे, या सगळ्यांच्या हाती कधी ना कधी काहीतरी जुनं लागतं. त्यांनी पुढं नेमकं काय करायचं, ते इथं क्रमानं लिहितो आहे. उदाहरणं गोदावरी, प्रवरा, भीमा, पंचगंगा या आपल्या नद्यांची आहेत, कारण वस्तू कोणती हे ओळखायचं तर आधी नदीकाठचा इतिहास माहीत हवा.

उतरण्याआधी: कायदा आणि पाणी

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार नद्या आणि त्यांची पात्रं सरकारच्या मालकीची. तेव्हा ‘नदीत सापडलं, म्हणजे माझं’ असं होत नाही. भारतीय निखात निधी अधिनियम १८७८ सालचा आहे आणि आजही लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. ही दहा रुपयांची मर्यादा अजून तीच आहे. कळवणाऱ्याला हिस्सा मिळण्याची सोय याच कायद्यात आहे. लपवलं तर तो हिस्सा जातो, वर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. १९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते (हस्तलिखितांना पंचाहत्तर वर्षं), आणि ती परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या नातेवाइकाला भेट म्हणून पाठवणंही त्यातच आलं.

संरक्षित घाट, मंदिर, किल्ला यांच्या शंभर मीटरच्या आत काहीही उकरायला जाऊ नका. इतरत्रही जुन्या वस्तूंसाठी मुद्दाम गाळ उपसायचा नाही. ते उत्खनन झालं, ते परवानगी घेऊन पुरातत्त्ववाल्यांनी करायचं काम आहे. हा लेख सहज दिसलेल्या, हाती आलेल्या वस्तूंसाठी आहे.

पाण्याबद्दल थोडक्यात पण कळकळीनं सांगतो. वाळूउपशाचे खड्डे वरून दिसत नाहीत आणि दर पावसाळ्यानंतर त्यांची जागा बदलते. वर धरण असेल तर विसर्ग कधी आहे ते पाटबंधारे खात्याकडून कळल्याशिवाय उतरायचं नाही. एकट्यानं बुडी मारायची नाही, काठावरच्या माणसाच्या हातात दोरी हवी. शहराखालच्या पात्रात सांडपाणी असतं, म्हणून अंगावर जखम असेल तर त्या दिवशी काठावरच थांबा. लेप्टोस्पायरोसिस अशाच पाण्यातून होतो. धनुर्वाताची लस घेतलेली असू द्या. तोफगोळा किंवा बॉम्बसारखं काही दिसलं तर हात न लावता पोलिसांना कळवा.

वस्तू नदीत आली कशी

हा प्रश्न आधी विचारला की ओळखीचं निम्मं काम होतं. आपल्या नद्यांत वस्तू पडलेली नसते, बहुधा सोडलेली असते. तीर्थाच्या ठिकाणी नाणी टाकली जातात. मूर्ती भंगली की तिचं विसर्जन होतं. देव्हाऱ्यातले टाक झिजले आणि नवे घडवले की जुने नदीत सोडायची रीत अनेक घरांत आहे. अस्थींबरोबर जोडवी, मणी, सोन्याचा कण जातो. सोनारांच्या पेठेतला केर आणि राख धुऊन त्यातून सोनं-चांदी काढणारे झारेकरी पिढ्यान्‌पिढ्या याच माहितीवर जगत आले. त्यामुळे तळाशी खंडोबाचा पत्र्यावर ठोकलेला टाक दिसला तर तो कोणी श्रद्धेनं सोडलेला आहे हे मनात धरूनच त्याला हात लावावा. अस्थिविसर्जनाच्या जागेवरचे दागिने मी स्वतः उचलत नाही, आणि इतरांनीही उचलू नयेत असं माझं मत आहे.

दुसरा मार्ग म्हणजे काठ ढासळून. आपली जुनी गावं नदीकाठच्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या टेकाडावर, वसलेली. पूर आला की पांढरीचा काठ तुटतो आणि त्यातली खापरं, मणी, नाणी पात्रात येतात. प्रवरेकाठी नेवासे आणि दायमाबाद, घोड नदीकाठी इनामगाव, गोदेकाठी पैठण, पंचगंगेकाठी कोल्हापूरची ब्रह्मपुरी. दायमाबादला १९७४ साली रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस अशी काशाची चार शिल्पं एका शेतकऱ्याला सापडली. ती ताम्रपाषाणयुगातली मानली जातात आणि चारही मिळून साठ किलोंहून जड आहेत. अशा ठिकाणाच्या खालच्या अंगाला सापडलेलं साधं खापरसुद्धा जपून ठेवण्याजोगं असतं.

जड वस्तू वाहत्या पाण्यात कुठं थांबते तेही पाहा. वळणाच्या आतल्या बाजूला प्रवाह मंदावतो तिथं, मोठ्या खडकाच्या आडोशाला, पाषाणातल्या भेगांत आणि कुकडी नदीवर निघोजला दिसतात तशा रांजणखळग्यांच्या तळाशी. एकाच खळग्यात काल टाकलेलं दोन रुपयांचं नाणं आणि तीनशे वर्षांपूर्वीची शिवराई शेजारी सापडू शकतात. म्हणून शेजारच्या वस्तूवरून वय ठरवण्याची घाई पात्रात करू नये. पांढरीच्या तुटलेल्या काठात वस्तू अजून मातीत रुतलेली असेल, तर मात्र शेजाराला मोठा अर्थ असतो. तिथं ती उपसू नका, फोटो काढा आणि कळवा.

तळाशी, आणि काठावरचा पहिला तास

पाण्यात दिसत नाही, हातानं चाचपावं लागतं. काही लागलं तर खेचू नका. कडेनं गाळ सैल करा, खाली तळहात घाला आणि वस्तू गाळासकट उचला. काठावर येताच चार गोष्टी लिहा: जागा (मोबाइलचं लोकेशन, शिवाय घाटाच्या अमुक पायरीपासून किती अंतर), खोली, तळ कसा होता (वाळू, चिखल, पाषाण), आणि सोबत आणखी काय होतं. पेनाची शाई पाण्यानं पसरते, म्हणून चिठ्ठी पेन्सिलीनं लिहायची.

आता सर्वांत महत्त्वाचं: वस्तू वाळू द्यायची नाही. नदीच्याच पाण्यात, झिपच्या पिशवीत, चिठ्ठीसह ठेवायची. पाण्यातून आलेलं लोखंड वाळलं की आतले क्षार स्फटिक होऊन फुगतात आणि पापुद्रे सुटतात. लाकूड वाळलं की आक्रसतं, तडकतं, आणि पुन्हा भिजवून ते पूर्वीसारखं होत नाही. प्रत्येक धातूला वेगळी पिशवी द्या. लोखंड आणि तांबं एकाच पाण्यात ठेवलं तर लोखंड झपाट्यानं खाल्लं जातं. त्याच जागी, वस्तू ओली असतानाच, मोजपट्टी शेजारी ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो काढा. नंतर सफाईत काही गेलं तर हाच पुरावा उरतो.

ओळख: घरात करता येणाऱ्या परीक्षा

*चुंबक.* आजची एक-दोन रुपयांची पोलादी नाणी चुंबकाला चिकटतात, म्हणून तर घाटावरची मुलं दोरीला चुंबक बांधतात. तांबं, पितळ, चांदी, शिसं, सोनं चिकटत नाही. एक अपवाद लक्षात ठेवा: सहाव्या जॉर्जचा, मागं वाघ असलेला १९४७ चा रुपया शुद्ध निकेलचा आहे आणि तो चुंबकाला लागतो. तो खोटा समजून फेकू नका.

*वजन आणि घनता.* ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा हजाराच्या आत मिळतो. आधी नाण्याचं वजन घ्या. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं दोऱ्यानं बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असं लटकवा. ते तळाला किंवा कडेला टेकता कामा नये. आता काटा जो आकडा दाखवेल त्यानं मूळ वजनाला भागा, की घनता मिळते. चांदी साडेदहाच्या आसपास, तांबं नऊच्या किंचित आत, पितळ साडेआठच्या जवळ, शिसं ११.३, शुद्ध सोनं १९.३. उदाहरण घेऊ. व्हिक्टोरियाचा चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा. तो खरा असेल तर पाण्यातला आकडा १.१३ च्या जवळ येतो. १.३० वगैरे आला तर आत चांदी नाही, तांब्याचा मिश्रधातू आहे. थर जाड चढलेला असेल तर हा हिशेब चुकतो, म्हणून थर निघाल्यावर पुन्हा करून पाहा.

*तिरका उजेड.* अंधाऱ्या खोलीत बॅटरीचा झोत अगदी आडवा, नाण्याच्या पातळीवरून सोडा. डोळ्यांना सपाट दिसणाऱ्या नाण्यावर अक्षरांच्या सावल्या उठतात. चारही बाजूंनी झोत फिरवून फोटो घ्या. पुष्कळदा नाणं साफ न करता ओळखता येतं, आणि तसं झालं तर सफाईची गरजच उरत नाही.

*वाजवून पाहणं* मात्र टाळा. रुपया फरशीवर टाकून खणखणीत वाजतो का ते बघायची आपली जुनी सवय आहे. पण फार जुनी चांदी आतून ठिसूळ झालेली असते, ती एका आपटण्यात दुभंगते.

आपल्या नद्यांत काय काय भेटतं, ते जुन्यापासून नव्याकडे सांगतो. चौकोनी किंवा वेडावाकडा चांदीचा तुकडा, साधारण सव्वातीन-साडेतीन ग्रॅमचा, वर सूर्य, प्राणी, डोंगर अशा वेगवेगळ्या ठशांची गर्दी: हे आहत नाणं, इसवी सनाच्या आधीच्या शतकांतलं. सोंड उचललेला हत्ती आणि मागं चार वर्तुळं जोडलेलं चिन्ह, ज्याला उज्जैन चिन्ह म्हणतात: हे सातवाहनांचं. धातू तांबं, शिसं किंवा पोटिन, म्हणजे तांबं, कथील आणि शिशाचं मिश्रण. कोल्हापूरकडे धनुष्यबाण असलेली जाड शिशाची नाणी मिळतात. बोटाच्या पेराएवढं, जेमतेम दोन ग्रॅमचं चांदीचं नाणं, एका बाजूला राजाचा चेहरा: हे क्षत्रपांचं. त्यावर दोन छाप एकावर एक दिसले तर फारच जपा. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ साली क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांवर नाणी सापडली, त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला छाप पुन्हा मारलेला होता. एका राजानं दुसऱ्याचा पराभव केल्याची नोंद त्या दुहेरी छापात आहे. चेहरा स्पष्ट दिसावा म्हणून वरच्या छापाची रेघ घासून काढणाऱ्यानं ती नोंदच पुसली असं होतं.

फारसी अक्षरांची जाड तांब्याची नाणी बहमनी, निजामशाही, आदिलशाही किंवा मोगल काळातली. चांदीच्या रुपयावर फारसी मजकूर आणि सोबत अंकुशाचं चिन्ह असेल तर तो पेशवाईतला अंकुशी रुपया. तराजू आणि त्याखाली फारसीत ‘अदल’ असलेलं तांब्याचं नाणं कंपनी सरकारच्या मुंबई इलाख्याचं.

आणि शिवराई. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री / राजा / शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्र / पति’, भोवती ठिपक्यांची कड. ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, शिवाय हातानं ठोकलेली, त्यामुळे अख्खा मजकूर क्वचितच उमटतो. हीच अक्षरं घेऊन शिवराया पुढंही मराठेशाहीत आणि पेशवाईत पाडल्या जात राहिल्या. मागच्या बाजूला ‘छत्र’ आणि ‘पति’ यांच्यामध्ये दोन आडव्या रेघा असतील तर ती दुदांडी, म्हणजे नंतरच्या काळातली. तेव्हा शिवराई सापडली की ‘महाराजांच्या काळातली’ असं लगेच जाहीर करू नये. अक्षरांचं वळण, वजन आणि ठिपक्यांची कड जाणकाराला दाखवावी.

खोट्याबद्दलही सांगतो, कारण यात लोक पैशानं बुडतात. राम-सीता-हनुमान आणि ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ असं लिहिलेलं नाणं सापडलं म्हणून लोक कोटींच्या गोष्टी करू लागतात. कंपनीनं असं नाणं कधीच पाडलं नाही. ती देवळाबाहेर विकली जाणारी टोकनं आहेत. तांदूळ ओढणारं चमत्कारी तांबं, ‘राइस पुलर’, ही तर निव्वळ फसवणूक, आणि तिच्या नादानं घरं उद्‌ध्वस्त झाली आहेत. सोन्याचा शिवकालीन होन म्हणून दाखवल्या जाणाऱ्या नाण्यांत नकलाच जास्त. ओतून केलेल्या नकलेच्या कडेला जोड दिसतो, भिंगाखाली पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांचे खळगे दिसतात, अक्षरांच्या कडा साबणासारख्या गोलसर असतात.

सफाई: तांबं आणि कासं

इथं थांबून, सावकाश वाचा, कारण सापडणाऱ्या दहांतली सात-आठ नाणी तांब्याचीच असतात.

तांब्यावरचा गर्द हिरवा, कठीण, गुळगुळीत थर हा शत्रू नाही. त्याखाली बहुधा लाल थर असतो, आणि नाण्याचं मूळ रूप, अक्षरांच्या कडा, या थरांतच जपलेल्या असतात. चिंच, लिंबू, दही, ताक, तांब्या-पितळेची पावडर यांतली आम्लं हा अख्खा थर विरघळवतात. खाली उरतं ते गुलाबीसर, खड्डे पडलेलं तांबं. त्यामुळे लक्ष्य एवढंच ठेवायचं: वरचा गाळ आणि चुना काढायचा, हिरवा थर राखायचा.

पहिली पायरी भिजवण्याची. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर कुठंही मिळतं. बाटलीवर ॲसिड नसून पाणीच आहे ना, ते वाचून घ्या. काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या वाटीत नाणं बुडवून ठेवा. घरात पाण्याच्या फिल्टरसाठी टीडीएस मीटर असेल तर तो इथं फार उपयोगी पडतो. ताज्या पाण्याचा आकडा लिहा, दोन दिवसांनी नाण्याच्या पाण्याचा घ्या, पाणी बदला. सुरुवातीला आकडा चढतो, कारण क्षार बाहेर येत असतात. पाणी बदलूनही आकडा चढेनासा झाला की भिजवणं पुरे. याला आठवडे लागतात आणि लागू द्यावेत.

दुसरी पायरी काट्याची. ओल्या नाण्यावर, भिंगाखाली, बाभळीच्या काट्यानं काम करायचं. सुई, टाचणी, ब्लेड तांब्यापेक्षा कठीण असतात आणि एकाच चुकीच्या ओढीत ओरखडा पाडतात. काट्याचं टोक धातूवर अडलं की ते मोडतं, नाणं वाचतं. नाण्याच्या कडेपासून सुरुवात करा, काटा अगदी आडवा धरा आणि मातीच्या कणाखाली टोक सरकवून तो कण उचला. खरवडू नका. शिवराईवर बहुधा मधली ओळ आधी दिसते: ‘राजा’मधल्या ‘रा’चा काना उभी मऊ उंची म्हणून जाणवतो, मग ‘ज’ची गाठ मोकळी होते. वरची ‘श्री’ अनेकदा चकतीबाहेरच गेलेली असते. ती ‘शोधत’ कड कोरत बसू नये. मधूनमधून मऊ ब्रशनं पाणी फिरवा. एका बैठकीत अर्ध्या तासापेक्षा जास्त करू नका, डोळे थकले की हात जड होतो.

तिसरी पायरी वाळवण्याची. टिपकागदानं पाणी टिपा, मग थोडा वेळ ॲसिटोनमध्ये बुडवा, म्हणजे भेगांतलं पाणी निघतं. हे काम उघड्या खिडकीपाशी करा, गॅस किंवा उदबत्ती जवळ नको. मग दिव्याखाली कोमट उबेत वाळू द्या.

आता एक रोग. वाळल्यावर काही दिवसांनी नाण्यावर फिकट पोपटी, पिठासारखे भुरभुरीत ठिपके उठले, आणि काट्यानं टोकरल्यावर पीठ गळून खाली खड्डा दिसला, तर नाण्याला कांस्यरोग झालाय असं समजा. आत अडकलेलं तांब्याचं क्लोराइड हवेतल्या ओलाव्याशी आणि प्राणवायूशी मिळून नवं क्षारयुक्त चूर्ण करत राहतं, आणि नाणं आतून पोखरलं जातं. खाडीजवळच्या वस्तूंना याचा धोका सर्वाधिक. घासून तो जात नाही. प्रयोगशाळेत यावर बेन्झोट्रायझोल वापरतात. ते विषारी आहे, स्वयंपाकघरात आणायचं नाही. तुम्ही करायचं ते एवढंच: नाणं इतरांपासून वेगळं काढा, घट्ट झाकणाच्या डब्यात भरपूर सिलिका जेलसह ठेवा आणि तज्ज्ञाकडे न्या. हवेतली आर्द्रता चाळीस टक्क्यांखाली असली की रोग बहुतांशी थबकतो.

शिसं, चांदी, लोखंड

शिशाची सातवाहन नाणी ओळखायला सोपी: करडी-पांढरट, आकाराच्या मानानं फारच जड. यांना डिस्टिल्ड पाणी चालत नाही. शुद्ध पाणी शिशाला खातं. साधं नळाचं, थोडं जड पाणी त्याला मानवतं, म्हणून नळाच्या पाण्यातच, थोडाच वेळ, मऊ ब्रशनं धुवा आणि लगेच टिपा. हातमोजे घाला, नंतर साबणानं हात धुवा, मुलांच्या हाती देऊ नका. आणि शिशाचं नाणं लाकडी पेटीत कधीही ठेवू नका. सागवानी पेटी, प्लायचं कपाट, पुठ्ठ्याचा डबा यांतून आम्लाची वाफ सुटत राहते आणि काही महिन्यांत नाण्यावर पांढरी भुकटी धरते. दोन हजार वर्षं नदीत टिकलेलं नाणं हौसेनं केलेल्या मखमली पेटीत संपताना पाहणं फार जिवावर येतं. काचेची बाटली किंवा पॉलिप्रॉपिलीनचा डबा वापरा.

चांदीवरचा पातळ काळा थर राहू द्या, अक्षरं त्यावर उलट जास्त उठून दिसतात. खाण्याचा सोडा आणि ॲल्युमिनियम फॉइलचा उपाय नव्या पैंजणांना ठीक, जुन्या नाण्याला नाही. जांभळट-करडा, मेणासारखा थर असेल तर ते चांदीचं क्लोराइड, तिथं हात न लावता तज्ज्ञ गाठावा. सोनं निघालं तर काहीच करायचं नाही, पाण्यानं धुवून थेट कळवायचं.

लोखंडाची वस्तू, भाल्याचं पातं, कट्यार, साखळीचा तुकडा, ओळखू न येणारा गंजाचा गोळा म्हणून हाती येते. तो गोळा फोडू नका. आत मूठ, म्यानाचं लाकूड, कापडाचा ठसा गंजातच शिल्लक असतो आणि तो क्ष-किरणानं पाहावा लागतो. तज्ज्ञाकडे नेईपर्यंत धुण्याच्या सोड्याच्या पाच टक्के द्रावणात, म्हणजे लिटरला पन्नास ग्रॅम, पूर्ण बुडवून ठेवा. त्यानं गंज थांबतो. लाकूड किंवा पितळ जोडलेलं असेल तर सोडा नको, साध्या पाण्यात ठेवा. वाळलेल्या लोखंडावर नारिंगी थेंब दिसू लागले तर आतले क्षार जिवंत आहेत.

खापर, लाकूड, दगड

खापर मऊ ब्रशनं धुवा, पण त्यावर रंगकाम दिसत असेल तर ब्रशही नको. निस्तेज तांबड्या अंगावर काळ्या रेघांची नक्षी असेल तर ते जोर्वे संस्कृतीचं असू शकतं, म्हणजे तीन हजार वर्षांपलीकडचं. चुन्याचा थर काढायला ॲसिड लावू नका. तुकडे एकत्र आले तरी फेविक्विकनं जोडू नका. संग्रहालयात पॅरालॉइड बी-७२ नावाचा चिकट पदार्थ वापरतात तो यासाठी, की पुढं चुकलं तर तो ॲसिटोननं सुटतो.

भिजलेलं लाकूड, होडीची फळी वगैरे, पाण्यातच ठेवायचं आणि लगेच कळवायचं. स्वीडनचं वासा हे जहाज १९६१ साली वर काढल्यावर त्यावर पॉलिइथिलीन ग्लायकॉलची (लाकूड आक्रसू न देणाऱ्या मेणासारख्या रसायनाची) फवारणी सतरा वर्षं चालली होती. घरात हे काम होत नाही.

दगडी मूर्ती, वीरगळ, सतीशिळा जिथं आहेत तिथंच राहू द्या. उन्हाळ्यात धरणांचं पाणी ओसरलं की, उजनीत पळसदेवचं मंदिर वर येतं तसं, बरंच काही उघडं पडतं. गावकऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे: मूर्ती दिसली की शेंदूर, तेल, ऑइलपेंट लावू नका, तारेच्या ब्रशनं घासू नका, सिमेंटनं जोडू नका. तेलाचे आणि शेंदराचे थर दगडात मुरतात आणि खालचं कोरीव काम झाकून जातं. हळद-फुलं वाहिली तरी भाव पोचतो.

पावसाळ्यासाठी साठवण

आपल्याकडे जूनपासून चार महिने हवेत ओल असते, म्हणून खरी कसोटी तेव्हा. घट्ट झाकणाचा पॉलिप्रॉपिलीनचा डबा घ्या, तळाशी सिलिका जेलच्या पुड्या, त्यावर छिद्रांच्या पिशव्यांत प्रत्येक वस्तू वेगळी. रंग बदलणारं जेल घ्यायचं तर नारिंगी घ्या, निळ्यात कोबाल्टचा विषारी क्षार असतो. रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोनेक तास तापवून पुन्हा वापरा. छोटा आर्द्रतामापक डब्यात ठेवा. बाजारात मिळणारे मऊ, वास येणारे पारदर्शक अल्बम पीव्हीसीचे असतात. त्यांतून तांब्यावर हिरवा चिकटा येतो, ते वापरू नका. नाणं धरताना कडेनं धरा, घामातलं मीठ पुरेसं नुकसान करतं.

कळवायचं कसं

खेड्यात तलाठी किंवा पोलीस पाटलांना सांगा, पण तेवढ्यावर थांबू नका. तहसील कार्यालयामार्फत जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज द्या. अर्जात वस्तूचं वर्णन, संख्या, वजन, अंदाजे किंमत, सापडल्याची जागा आणि तारीख लिहा, फोटो जोडा. एक प्रत राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला पाठवा. वाचनासाठी नाशिकजवळ अंजनेरीची नाणकशास्त्र संशोधन संस्था आणि पुण्याचं डेक्कन कॉलेज या जाणत्या जागा आहेत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धनाचं केंद्र आहे. घाटावर वर्षानुवर्षं नाणी वेचणाऱ्या मंडळींनाही यात घ्या. कुठल्या कुंडात कुठली नाणी निघतात हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं, आणि मोडीच्या भावानं भंगारात जाणारी शिवराई त्यांच्याकडूनच वाचू शकते.

वस्तू जमा करताना पंचनामा करून घ्या, आणि पोचपावतीवर प्रत्येक नाण्याचं वजन स्वतंत्र लिहिलेलं असेल असं पाहा. नुसतं ‘जुनी नाणी, एक पिशवी’ असं लिहिलेली पावती घेऊ नका.